शब्दचर्चा : मेंढीच्या जनुकांत ‘उत्परिवर्तने’, ‘रूपे’ की ‘बहुरूपता’?

प्रश्न : मेंढ्यांच्या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांवरील एका भाषांतराचे मी संपादन करत आहे. ‘डीआरबी१ या जनुकाची शंभराहून अधिक उत्परिवर्तने मेंढ्यांमध्ये आढळतात’ हे त्यातील वाक्य मला खटकते. येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : खटकणे रास्त आहे. उत्परिवर्तन म्हणजे जनुकात बदल घडणे; ती एक घटना आहे. ती केव्हातरी एकदा घडते, आणि तिच्यातून निपजलेले जनुकाचे रूप पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. मेंढीच्या २० क्रमांकाच्या गुणसूत्रावरील या जनुकाच्या काही रूपांची वंशरेषा तर मेंढी आणि बकरी यांच्या वाटा वेगळ्या होण्याच्याही आधीची आहे, तेव्हा त्यांना ‘उत्परिवर्तने’ म्हणणे म्हणजे आजोबांना नवजात म्हणण्यासारखे आहे. शिवाय या शब्दाला बिघाडाची छटा चिकटलेली असते. येथे बिघाड मुळीच नाही, कारण हे जनुक ज्या प्रथिनाचा साचा आहे, ते जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे खोबणीत धरून संरक्षक पेशींपुढे ठेवते, आणि रूपांमधील बहुतेक फरक नेमके त्या खोबणीतच आढळतात. खोबण बदलली की पकडीत येणारे तुकडेही बदलतात. म्हणून येथे ‘रूपे’ म्हणावे.

जनुकाच्या अशा रूपासाठी पाठ्यपुस्तकांत असलेली ‘युग्मविकल्पी’ ही संज्ञा शास्त्रशुद्ध असली, तरी ‘युग्म’ म्हटल्यावर पर्याय दोनच असावेत असा वाचकाचा ग्रह होतो. प्रत्यक्षात एका मेंढीजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. शंभर हा आकडा साऱ्या मेंढ्यांचा मिळून आहे. ‘बहुरूपता’, म्हणजे एकाच जनुकाची अनेक रूपे असणे, हा गुणही त्यामुळे समूहाचा, एकट्या जनावराचा नव्हे. ‘ही मेंढी बहुरूपी आहे’ असे लिहिल्यास ती सोंगे घेते असेच कुणालाही वाटेल! दोन प्रती वेगळ्या असलेल्या मेंढीला ‘विषमयुग्मजी’ म्हणावे.

पुरवणी प्रश्न : त्याच लेखात ‘स्क्रेपीविरुद्धची प्रतिकारशक्ती’ असा प्रयोग आहे (स्क्रेपी हा मेंढ्यांच्या मेंदूचा घातक रोग). तो चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालू नये. जठरातील कृमींच्या बाबतीत तो शब्द शोभतो. एकाच कुरणात चरणाऱ्या दोन कोकरांच्या लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून वर तरंगणारी कृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, तर एकाच्या लेंडीत ती भरपूर आणि दुसऱ्याच्या लेंडीत तुरळक आढळू शकतात. या तफावतीला इतर कारणे असली, तरी तिचा काही भाग डीआरबी१च्या रूपांशी जोडलेला आढळला आहे, आणि तेथे शरीराची संरक्षणयंत्रणा खरोखरच कामाला लागलेली असते. स्क्रेपीचे तसे नाही. तो रोग शरीराच्याच प्रिऑन प्रथिनाची घडी विस्कटल्याने होतो आणि हे प्रथिन परके नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. प्रिऑन जनुकाच्या ‘एआरआर’ या रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या मेंढ्या अभिजात (म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या) स्क्रेपीला सहसा बळी पडत नाहीत, परंतु त्या रोगाशी झुंज देऊन जिंकतात असे नाही. त्यांच्या प्रथिनाची घडी सहजासहजी विस्कटत नाही, एवढेच. म्हणून तेथे ‘रोगरोधकता’ म्हणावे, किंवा सरळ ‘या मेंढ्या स्क्रेपीला दाद देत नाहीत’ असे लिहावे.

प्रश्नकर्ता : मग मूळ वाक्य ‘या जनुकाची शंभराहून अधिक रूपे मेंढ्यांमध्ये आढळतात’ असे करतो, आणि ‘युग्मविकल्पी’ ही संज्ञा पहिल्या उल्लेखापाशी एकदाच देतो.