घराभोवती माजलेली झुडपे: सरसकट काढावीत की निवडून?

कौलारू_घर
रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ घराच्या परड्यावरून आम्हा भावंडांत मतभेद झाले आहेत. घरी आई एकटीच असते. मागील दारापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी झुडपे इतकी वाढली आहेत की कळशी घेऊन सरळ चालता येत नाही. त्यात घाणेरी आणि रानमोडी आहेत, तसेच आजीने लावलेली जास्वंद, तगर, अडुळसा आणि मेंदीचे जुने कुंपणही आहे. मृग लागण्यापूर्वी जेसीबी लावून सगळे परडे मोकळे करावे, असे थोरल्या भावाचे मत आहे, तर घरची झाडे तोडण्यास बहिणीचा ठाम विरोध आहे. दोन्ही बाजूंची कारणे जाणून घ्यायची आहेत.

उघडे_अंगण
आपल्या भावाचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी ओळखला जातो आणि हा साप दिवसा दगडांच्या फटींत, पालापाचोळ्यात दडून रात्री बाहेर पडतो. काळोखात न्हाणीघराकडे जाणाऱ्या वृद्ध बाईला तो दिसणार कसा? दुसरे कारण तापाचे आहे. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा झुडपांत आणि गवतात राहणाऱ्या, कोळ्यांच्या वर्गातील बारीक माइट्सच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो, हे अनेकांना प्रथमच कळले. वेळीच ओळखला तर तो साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, परंतु एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो वेळीच ओळखला जाईल याची हमी कोण देणार? जास्वंद पुन्हा लावता येते.

तांबडी_माती
काळजी रास्त आहे, पण उपाय चुकीचा आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. फुरशाला आडोसा चिऱ्यांच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात आणि झुडपांच्या बुडाशी साचलेल्या पाचोळ्यात मिळतो, हिरव्या फांदीत नव्हे. जेसीबीने उपटलेली झुडपे बहुधा परड्याच्या कोपऱ्यात ढीग करून टाकली जातात आणि तो ढीग वाळला की उंदरांना, त्यांच्यामागे सापांना, आयते घर मिळते.

याहून गंभीर बाब मातीची आहे. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कातळावरचा मातीचा थर मुळात पातळ असतो. मे महिन्यात यंत्राने तो थर उकरून ठेवला, तर पहिल्या दोन-चार सरींतच तो वाहून विहिरीकडे जाईल. शिवाय उकरलेली, उन्हात आलेली जमीन हीच घाणेरी आणि रानमोडीची सर्वांत आवडती जागा आहे. एकीचे बी पक्षी आणून टाकतात, दुसरीचे वाऱ्यावर येते. म्हणजे जास्वंद आणि अडुळसा गेलेले असतील आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे नेमक्या याच दोघी उभ्या असतील.

म्हणून प्रत्येक झुडपाचा निराळा विचार व्हावा. घाणेरी आणि रानमोडी समूळ काढाव्यात, याबद्दल दुमत नसावे. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. घाणेरी खाल्लेल्या गुराचे यकृत बिघडते आणि उन्हात त्याची कातडी सोलवटते. परंतु अडुळशाला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणूनच तो पूर्वापार कुंपणाला लावला गेला. जास्वंदीचे जुने, जाड फोक दरवर्षी एक तृतीयांश याप्रमाणे बुडातून काढले, तर तीन वर्षांत झाड नवे होते. मेंदी गुडघ्याइतकी छाटली तरी फुटते. छाटण्यापूर्वी फांद्यांत घरटी आहेत का, हे मात्र पाहावे. बुलबुल आणि शिंपी याच दिवसांत अशा बुटक्या झुडपांत अंडी घालतात. पिल्ले उडेपर्यंत तेवढी फांदी राहू द्यावी.

उघडे_अंगण
आपण सांगता ते कागदावर योग्य आहे. तीन वर्षे दरवर्षी येऊन एक तृतीयांश फोक कोण काढणार? गावात गडी मिळत नाही, मिळाला तर आंब्याच्या बागेतील बेणणी सोडून परड्यात येत नाही. भावंडे मुंबईहून गणपतीत येतात, तेव्हा पाऊस असतो आणि घरात पाहुणे असतात. देखभाल होणार नसेल, तर निवडून राखलेली झाडेच पुन्हा रान होतात, आणि त्या रानात रोज वावरायचे असते ते आईला. घरटे राखताना घरातल्या माणसाचा क्रम आधी लागावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

गडगा
दोघांच्या वादात काढण्याची रीत मागे पडते आहे. घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर खुंटातून पूर्वीहून दाट धुमारे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरात आणलेली पद्धत घरीही जमते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जिथून धुमारे फुटतात त्या गाठीच्या खाली, कुदळीने मुख्य मूळ तोडायचे आणि खुंट मुळे वर करून उलटा ठेवायचा. हे काम पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की सोपे जाते. तोवर फळे धरलेल्या फांद्या काढून घ्याव्यात.

खुंटावर रॉकेल किंवा जळके तेल ओतण्याचा सल्ला गावात हमखास मिळेल. विहीर जवळ असताना तो मुळीच ऐकू नये. ग्लायफोसेटचा वापर तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीड-नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. झुडपांत कण्हेर असेल तर तिच्या फांद्या जाळू नयेत, धूरही विषारी असतो.

कौलारू_घर
कण्हेर आहे, न्हाणीघराच्या मागेच. तिथेच पाणी तापवण्याची चूल असल्याने तिच्या वाळक्या काटक्या सरपणात जात असतील, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. आईला आजच फोन करून सांगतो.

तांबडी_माती
कण्हेर काढून टाकण्यास माझी हरकत नाही. देखभालीचा प्रश्न उरतो, त्यावर उपाय म्हणजे राखायची झाडे कमी करणे. एक जास्वंद, एक तगर आणि गडग्यालगतचा अडुळसा एवढेच ठेवले, तर एका माणसाचे वर्षातून एक दिवसाचे काम आहे. छाटलेला पाला जाळण्याऐवजी बारीक करून घरापासून दूरच्या माडांच्या आळ्यात घालावा.

उघडे_अंगण
तीन झाडांपुरते मी मान्य करतो, मात्र माझी अट कायम आहे. घराच्या भिंतीपासून आणि विहिरीच्या वाटेपासून दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट काहीही नको, जास्वंदसुद्धा नको, आणि ते काम मृगाआधी माणसे लावून व्हावे. जेसीबीला लागणारे पैसे त्या मजुरीला द्यावेत आणि त्यातून उरतील त्यांत वाटेवर दोन दिवे बसवावेत.