गांजा कंपन्यांचे अमेरिकी शेअर : आंब्याच्या हंगामाचे पैसे त्यात घालावेत का?

देवगडचा_बागायतदार यांचा प्रश्न

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. फवारणी, राखण, पेट्या आणि वाहतूक यांचा खर्च वजा जाता यंदा जी रक्कम हातात राहिली, त्यातील सुमारे चार लाख रुपये पुढील पाच-सात वर्षे लागणार नाहीत. पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा एका ॲपवरून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेतो. हे पैसे गांजा कंपन्यांत घालावेत, असा त्याचा आग्रह आहे. 18 डिसेंबर 2025 रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी गांजाला तेथील अमली पदार्थ कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचीतून कमी कडक अशा तिसऱ्या अनुसूचीत आणण्याची प्रक्रिया लवकर पूर्ण करण्याच्या आदेशावर सही केली. त्यामुळे हे शेअर आज स्वस्त असले तरी कायदा बदलताच कित्येक पटींनी वाढतील, असे त्याला वाटते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कायदा सैल झाला म्हणजे भागधारकाला फायदा होतोच का, ही पहिली. दुसरी गोष्ट मला अधिक सतावते. 2023 च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली, तेव्हा कस्टम आणि पोलिसांनी सारी किनारपट्टी पिंजून काढली होती. ज्या वस्तूसाठी येथे तुरुंगवास भोगावा लागतो, तिच्या परदेशातील धंद्यात येथे बसून पैसे घालणे आपल्या कायद्याला चालते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शेअरवाचक_चिपळूण यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅनडाने देऊन ठेवले आहे. तेथे 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांना गांजा कायदेशीरपणे विकत घेता येऊ लागला, म्हणजे चिरंजीव अमेरिकेत ज्याची वाट पाहत आहेत त्याहून कितीतरी मोठा बदल तेथे आधीच होऊन गेला. त्या वर्षी जुलैमध्ये टिल्रे कंपनीचा शेअर 17 डॉलरला बाजारात आला आणि 19 सप्टेंबरला त्याने काही वेळ 300 डॉलरला स्पर्श केला. कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या मद्य कंपनीने कॅनोपी ग्रोथमध्ये सुमारे चार अब्ज अमेरिकी डॉलर घातले. कायदा ठरल्या दिवशी लागू झाला, दुकाने उघडली, ग्राहकही आले. आणि तरीही पुढील काही वर्षांत या भागधारकांचे बहुतेक सारे पैसे बुडाले.

असे होण्याचे कारण धंद्यातच होते. सर्व कंपन्यांनी एकाच वेळी काचघरे उभारली आणि मागणीपेक्षा कितीतरी जास्त माल तयार झाला. एप्रिल-मेमध्ये वाशीला पेट्यांची आवक वाढली की हापूसच्या दराचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. त्यात कॅनडाचे उत्पादन शुल्क ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते. ग्रॅमचा भाव चढा होता तोवर हा एक डॉलर फारसा जाणवला नाही, पण भाव उतरत गेला तसा मिळकतीतला मोठा वाटा शुल्कातच जाऊ लागला. बेकायदा विक्रेत्याला हे शुल्क नाही, परवाना नाही, तपासणीही नाही. त्यामुळे तोही बाजारात टिकून राहिला.

तोटा भरून काढायला कंपन्या नवे शेअर काढून पैसे उभे करत राहिल्या, आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा दर वेळी लहान होत गेला. भाव एक डॉलरच्या खाली रेंगाळला तर नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावरची नोंदणी धोक्यात येते, म्हणून अनेक शेअर एकत्र करून एक शेअर बनवला जातो. ऑरोरा कॅनाबिसने 2020 मध्ये बारा शेअरांचा एक केला आणि 2024 मध्ये पुन्हा दहाचा एक. सुरुवातीला ज्याच्याकडे 1200 शेअर होते, त्याच्या खात्यात आज दहा दिसतात. या कंपन्यांचे जुने आलेख पाहताना ही बाब ध्यानात ठेवावी, नाहीतर ‘पूर्वी एवढा भाव होता, तेथवर परत जाईल’ असा समज सहज होतो.

आता अमेरिकेकडे वळू. 1970 च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्टप्रमाणे गांजा पहिल्या अनुसूचीत आला. 2023 च्या ऑगस्टमध्ये आरोग्य विभागाने तो तिसऱ्या अनुसूचीत आणण्याची शिफारस केली, मे 2024 मध्ये न्याय विभागाने तसा प्रस्ताव मांडला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यावरची सुनावणी लांबणीवर पडली. एवढी वळणे घेतल्यावर डिसेंबरचा आदेश आला. यातून मिळणारा खरा लाभ प्राप्तिकराचा आहे. तेथील कर कायद्याच्या कलम 280ई प्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतील पदार्थ विकणाऱ्याला मालाची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. समजा, एका दुकानाने 100 डॉलरचा माल विकला; माल 50 डॉलरला पडला आणि भाडे, पगार, वीज यांत 40 डॉलर गेले. हाती उरले दहा डॉलर, पण कर बसतो पन्नासांवर. 21 टक्क्यांनी तो साडेदहा डॉलर होतो, म्हणजे मिळवलेल्या नफ्याहून जास्त. तिसऱ्या अनुसूचीत गेल्यावर हे ओझे उतरेल, आणि म्हणून ही बातमी खरोखरच मोठी आहे.

मात्र ती कोणासाठी मोठी, हे चिरंजीवांना अवश्य विचारा. हे ओझे वाहणाऱ्या कंपन्या म्हणजे क्युरालीफ, ट्रुलीव्ह, ग्रीन थम्ब यांसारख्या, अमेरिकेतील राज्यांत प्रत्यक्ष शेती आणि दुकाने चालवणाऱ्या. केंद्रीय कायदा आड आल्यामुळे त्यांनी कॅनडातील शेअर बाजारांवर नोंदणी केली. आपल्याकडच्या ॲपवर सहज मिळतात त्या टिल्रे, कॅनोपी, ऑरोरा या कॅनडातील कंपन्या, आणि त्या स्वतः अमेरिकेत गांजाची दुकाने चालवत नाहीत. वॉशिंग्टनमधून बातमी आली की त्यांचेही भाव उसळतात, पण करसवलतीचा पैसा त्यांच्या ताळेबंदात यायला थेट मार्ग नाही. करसवलत एका गटाला मिळणार आणि आपल्या हाती येणार दुसऱ्या गटाचे शेअर, अशी ही स्थिती आहे. आपल्या जागी मी असतो तर या चार लाखांतला एक रुपयाही टिल्रे किंवा कॅनोपीत घातला नसता.

सागरवाट_वेंगुर्ले यांचे उत्तर

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु संपूर्ण क्षेत्रच वर्ज्य मानावे असे मला वाटत नाही. अमेरिकेतील 24 राज्यांनी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आहे, आणि तेथे प्रत्यक्ष धंदा करणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. ‘एमएसओएस’ नावाचा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) सप्टेंबर 2020 पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहे. तो बँकांशी स्वॅप करार (भावातील चढ-उताराएवढी रक्कम देण्या-घेण्याचा करार) करून या कंपन्यांच्या भावाशी जोडलेला राहतो. जहाजावरील नोकरीमुळे माझे परदेशात खाते आहे आणि त्यात मी हा ईटीएफ अगदी थोड्या प्रमाणात ठेवला आहे.

राजकारणाचा धोका मात्र येथेही तेवढाच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरिडात सुमारे 56 टक्के मतदारांनी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने कौल दिला, पण घटनादुरुस्तीला 60 टक्के लागत असल्याने प्रस्ताव पडला. त्या प्रचारावर एकट्या ट्रुलीव्हने दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च केला होता. थायलंडने 2022 मध्ये सैल केलेले नियम 2025 मध्ये पुन्हा आवळले. बहुमत मिळूनही हरता येते आणि दिलेली सूट परत घेतली जाते, हे ज्याला सोसेल त्यानेच या वाटेला जावे.

करविषयक_रत्नागिरी यांचे उत्तर

बागायतदार साहेब, आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा चीक. त्यांची लागवड, बाळगणे आणि व्यापार यांना कलम 20 लागते. आपल्या कामाचे कलम 12 आहे. परदेशात अमली पदार्थ मिळवून परदेशातच पुरवण्याचा व्यापार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणीही करू नये किंवा आपल्या नियंत्रणाखाली चालवू नये, असे ते सांगते. एक्स्चेंजवरून थोडे शेअर घेणाऱ्याच्या हाती कंपनीचा कारभार नसतो, त्यामुळे ही तरतूद त्याला सरळ लागू पडते असे माझे मत नाही. परंतु कोणी परदेशातील गांजाच्या दुकानात भागीदारी किंवा खाजगी करार सुचवला, तर फौजदारी वकिलाचे लेखी मत हाती आल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

पैसे पाठवण्याची पद्धत सरळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या, योजनेखाली निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही, त्यावरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर 20 टक्के कापला जातो. आपली रक्कम त्या मर्यादेच्या आत आहे. शेअर 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो, आधी विकल्यास तो नफा आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो.

आता एक गोष्ट बागायतदारांनी विशेष लक्षात घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्याकडचे कित्येक बागायतदार विवरणपत्र भरतच नाहीत. परदेशातील एक शेअर जरी आपल्या नावावर आला तरी निवासी व्यक्तीला विवरणपत्र भरणे बंधनकारक होते, मग करपात्र उत्पन्न असो वा नसो. त्यातील शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यामध्ये जानेवारी ते डिसेंबर या वर्षातील परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. ती दडवली तर काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून त्या दंडातून सूट मिळाली आहे, पण माहिती देण्याची जबाबदारी कायम आहे.

देवगडचा_बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. कॅनडातील कंपन्यांचा विचार मी सोडला आहे आणि मुलालाही हा संवाद वाचायला दिला आहे. एक शंका उरते. माझे मेव्हणे टोरांटोला असतात. पैसे त्यांच्याकडे पाठवावेत, ते स्वतःच्या नावावर क्युरालीफसारखे शेअर घेतील आणि विकल्यावर रक्कम परत करतील, असे त्यांनी सुचवले आहे. हे योग्य होईल का?

करविषयक_रत्नागिरी

हे करू नका. शेअर कोणाच्याही नावावर असले तरी पैसे आपले आणि लाभही आपला असेल, तर लाभधारक म्हणून ती मालमत्ता आपल्याच शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते. बँकेत ‘भेट’ असे कारण लिहून प्रत्यक्षात गुंतवणूक करणे ही खोटी घोषणा ठरते. शिवाय विक्रीचा नफा कॅनडात मेव्हण्यांच्या नावावर दिसणार, त्याचा कर त्यांनी भरायचा आणि उरलेली रक्कम आपल्याला कोणत्या कारणाखाली पाठवायची, हा हिशेब दोघांनाही निस्तरता येणार नाही. त्यांना खरोखरच भेट द्यायची असेल तर जरूर द्या, पण मग ते पैसे त्यांचे झाले. स्वतःसाठी गुंतवायचे असतील तर आपल्या पॅनवर, आपल्या बँकेतून, आपल्याच नावाच्या खात्यात पाठवा आणि पहिला शेअर घेण्याआधी विवरणपत्र भरून देणारा माणूस ठरवा.