ग्योंगबोकगुंग : सगळंच नवं नाहीये

कुणीतरी म्हटलंय की दक्षिण कोरियातल्या सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा फारच नवाकोरा वाटतो. वाटतो खरा, पण कारण कळलं की जीव हळहळतो. १३९५ चा मूळ वाडा १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पुढे पावणेतीनशे वर्षं ओसाड, मग १८६७ च्या सुमारास राजा गोजोंगच्या वडिलांनी परत उभा केला तर तोही जपानी राजवटीत जवळजवळ सगळा पाडला, वर दरबाराच्या पुढ्यातच गव्हर्नर जनरलची अवाढव्य इमारत बांधली, ती १९९५-९६ मध्ये पाडली तेव्हा कुठे समोरचा भाग मोकळा झाला.

पण गुनजोंगजोन हे दरबाराचं दालन आणि ग्योंगह्वेरू हे तळ्यातलं ४८ दगडी खांबांवरचं दालन १९ व्या शतकातलंच आहे हां. गुनजोंगजोनच्या अंगणात खाली बघा, फरशीत लोखंडी कड्या दिसतील, मांडवाच्या दोऱ्या बांधायला. आणि राणीच्या महालामागच्या टेकाडावरची षटकोनी विटांची धुराडी तर अजिबात चुकवू नका, खोल्यांची जमीन खालून गरम करायच्या ओंडोलचा धूर तिथून बाहेर पडायचा. महाल नंतर परत बांधलाय, धुराडी मात्र जुनीच, आणि धूर सोडायच्या वस्तूवरसुद्धा किती मायेने फुलं, पक्षी, हरणं काढलीयत!