पेट्रोल कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो, डट्टा मारू का?

सावदा-फैजपूर रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. केळीच्या गाड्या रात्री भरून निघतात आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते, म्हणून दिवाळीत जुना पेट्रोल इंजिनवाला कॉम्प्रेसर घेतला. दोन हेडचा पंप, आडवी टाकी, दोरी ओढून चालू होतो. विकणाऱ्यानं चोक कुठे ते दाखवलं आणि पैसे मोजून घेतले, बाकी काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांपासून वेगळंच चाललंय. काटा १२० पौंडांवर पोचला की इंजिनची रेस आपोआप उतरायची, ती आता उतरत नाही. काटा चढत जातो आणि १४० च्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह फर्रकन हवा सोडतो. परवा एक ड्रायव्हर टाकीला टेकून चहा पीत होता, तो कप टाकून पळाला. शिवाय टाकीत हवा असताना चालू करायला गेलं की दोरी असा हिसका मारते की माझं मनगट अजून सुजलेलं आहे.

मिस्त्री म्हणतो व्हॉल्व्ह गेलाय, काढून तिथे डट्टा मारून टाक. मन धजत नाही. काय करू?

आणखी एक, पाऊस आला की मशीन आत घेऊन शटर अर्ध्यावर ठेवतो. तेव्हा भाच्याचं डोकं दुखतं, मळमळतं. पोरगा उपाशीपोटी येतो, त्यामुळे असेल का?

भुसावळकर : शेवटचं आधी घ्या. भाच्याला उपाशीपोटाचं काही नाही, इंजिनच्या धुराचं आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. अर्धं शटर उघडं ठेवून भागत नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. पावसात बाहेर पत्र्याची छपरी करा, चारही बाजू मोकळ्या ठेवा, सायलेन्सरचं तोंड दुकानाकडे नको.

जुना फिटर, धुळे : भाऊ, डट्टा नका मारू! तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह चांगला आहे, तो उडतो म्हणूनच टाकी शाबूत आहे. तिथे डट्टा मारला आणि काटा चढतच राहिला, तर एक दिवस टाकीच फुटेल, आणि दुकानात उभं कोणीच राहणार नाही.

बिघाड पायलट व्हॉल्व्हमध्ये दिसतो. ठरलेला दाब झाला की तो पंपाच्या अनलोडरला हवा देतो, पंप हवा भरायचं थांबवतो. त्याच हवेची एक बारीक नळी इंजिनच्या थ्रॉटलला जाते, ती रेस उतरवते. टाकीतलं पाणी नि गंज वर चढला की पायलट चिकटतो. आधी इंजिन गार होऊ द्या, प्लगची टोपी काढा, हवा सोडून काटा शून्यावर आणा, मगच पाना लावा. आणि टाकीखालची पाणी काढायची तोटी रोज उघडता का हो?

दोरीच्या हिसक्याचं म्हणाल तर बहुतेक पायलटवर छोटी खिट्टी असते. चालू करताना ती उलटवायची, पंप हलका फिरतो. इंजिनने रेस धरली की परत जागेवर. तरीही हिसका बसला तर टाकीच्या तोंडाशी असलेला चेक व्हॉल्व्ह बघा, तो टाकीतली हवा उलटी पंपाकडे येऊ देत नाही.

धागाकर्ता : तोटी दिवाळीपासून एकदाही उघडली नव्हती. आज उघडली तर तांब्याभर लालसर पाणी निघालं, शेवटी शेवटी चिखलच. पायलटमध्ये चिमूटभर गंज सापडला. खिट्टी होती, ग्रीसखाली दबलेली! आता १२० ला काटा थांबतो, पण रेस उतरत नाही. पंपाचं ऑइल बघितलं तर ताकासारखं पांढरं. मी दोन्हीकडे बाइकचंच ऑइल घालतो.

जुना फिटर, धुळे : पांढरं म्हणजे पाणी मिसळलं. काढून टाका आणि पंपात कॉम्प्रेसरचंच ऑइल भरा. बाइकचं इंजिनाला एक वेळ चालेल, पंपाला नको, त्यातल्या साबणगुणानं पाणी ऑइलमध्येच धरून राहतं. बेल्टची जाळी काढून ठेवली असेल तर तीही बसवा, बहुतेक जण काढूनच ठेवतात. रेस उतरत नाही म्हणजे थ्रॉटलची नळी तपासा. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की कळेल.

केळी ट्रान्सपोर्ट : पेट्रोल भरताना मशीन बंद करता ना? रावेरकडे एकानं चालत्या मशीनवर कॅन धरला, भुवया जळाल्या. निदान दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या.

धागाकर्ता : बंद करतो, पण लगेच भरतो. तेही सोडतो. नळीला कोपऱ्यात चीर आहे, बुडबुडे आले. सलाईनची नळी चढवली तर चालेल का? घरात पडलेली आहे.

जुना फिटर, धुळे : नाही! इंजिनच्या धगीनं मऊ पडेल आणि १२० पौंडांना सटकेल. तांब्याची घ्या, जुनी नळी सोबत न्या, म्हणजे तोंडाचं माप चुकणार नाही. मिस्त्रीला नेऊ नका.