पुस्तकांच्या जुन्या नोंदी आरडीए या नव्या तालिकीकरण नियमांत नेताना आधी काय हाती घ्यावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्या ग्रंथालयातल्या बहुतेक नोंदी एएसीआर२ या आधीच्या नियमांनुसार, मार्क २१ या संगणकीय साच्यात आहेत; त्यात प्रत्येक तपशिलाच्या क्षेत्राला क्रमांक असतो. ऑनलाइन शोध सुधारावा म्हणून त्या आरडीएकडे न्यायचं ठरलंय. प्रकाशन-तपशिलाच्या २६० चं २६४ करणं, शीर्षकाच्या २४५ मधला साहित्यप्रकार काढून ३३६, ३३७, ३३८ (आशय, माध्यम आणि वाहक यांचे प्रकार) भरणं ही कामं मार्कएडिट या नोंदी-संपादनाच्या प्रोग्रॅमने एकगठ्ठा होतील. त्याची धास्ती नाही.

खरी डोकेदुखी लेखकांच्या नावांची. एकच माणूस कुठे पूर्ण नावाने, कुठे नुसत्या आद्याक्षरांनी, कुठे रोमनमध्ये, कुठे देवनागरीत. वाचक एक रूप टाकतो आणि बाकीची पुस्तकं गायब!

मग आधी प्रमाण नावांच्या (प्रत्येक लेखकाचं एकच ठरलेलं रूप) नोंदी करून मुख्य लेखकाचं १०० आणि इतर सहभागींचं ७०० ही क्षेत्रं त्यांना जोडावीत, की ८८० मध्ये मूळ लिपी भरून घ्यावी? व्हीआयएएफचे (जगभरच्या ग्रंथालयांच्या प्रमाण नावांचा एकत्रित संच) दुवे आत्ताच घालून ठेवले तर पुढे मार्कच्या जागी आणायच्या बिबफ्रेम या नव्या साच्याला उपयोगी पडतील ना? (लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते काम २०११ मध्ये काढलं, मार्क मात्र अजून ठाण मांडून आहे.)

कोहा या ग्रंथालय-प्रणालीवर हे कुणी केलं असेल तर कामाचा क्रम आणि पडताळणी कशी केली ते सांगा. एकगठ्ठा बदलांत काय बिघडतं, तेही कळवा.