सर्वकालीन आवडते अल्बम: त्यांत ख्यालाला आणि मराठीला जागा का नाही?

निळासूर (धागाकर्ता)
सर्वजण आवडत्या अल्बमच्या याद्या देत आहेत, म्हणून माझीही देतो. पहिला जॅझवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, दुसरा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आणि तिसरा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. यादीत ख्याल नाही आणि मराठीही काही नाही, हे मी जाणूनबुजून केले आहे. ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करणारे शास्त्रीय गायन, मैफलीत घडतो. त्याची तबकडी ही केवळ नोंद असते, तिला अल्बम म्हणता येत नाही. मराठीत तर गाजलेल्या गाण्यांचे संच तेवढे निघाले. एकच कल्पना धरून आरंभापासून अखेरपर्यंत बांधलेली ध्वनिमुद्रिका मराठीत झालीच नाही.

झुमरा
आपल्या यादीतील तिन्ही ध्वनिमुद्रिका मलाही प्रिय आहेत. परंतु त्याखालची विधाने वाचून गप्प बसवत नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चे ध्वनिमुद्रण १९५९ साली, २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये झाले. डेव्हिसने वादकांसमोर पूर्ण लिहिलेले संगीत ठेवले नव्हते; स्वरावलींचे जुजबी आराखडे ठेवले होते, आणि त्या चौकटीत ज्याला जे तत्क्षणी सुचले ते त्याने वाजवले. नेमलेले स्वर, नेमलेली चौकट आणि तिच्या आत होणारी उत्स्फूर्त निर्मिती, हेच ख्यालाचे वर्णन नाही का? तिथे त्याला अल्बम म्हणायचे आणि इथे नोंद, हा न्याय मला समजत नाही.

उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी, म्हणजे मोठी दोन बाजूंची तबकडी, घ्या. मारवा सूर्यास्ताचा राग आहे. त्यात कोमल रिषभ आणि धैवत यांवर भार असतो आणि षड्ज, म्हणजे मूळ सा, शक्य तितका लांबणीवर टाकला जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला घर सापडत नाही अशी एक अस्वस्थता सबंध बाजूभर राहते. तबकडी उलटली की मध्यरात्रीचा दरबारी लागतो, मंद्र सप्तकात उतरलेला, कोमल गंधाराच्या आंदोलनाने जड झालेला. संध्याकाळच्या कातरपणाकडून रात्रीच्या गांभीर्याकडे जाणारा हा प्रवास एका तबकडीच्या दोन बाजूंवर मावला आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त काश्मीरमधील मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत जातो, म्हणून तुम्ही तिला अल्बम मानता. मग हिला का मानत नाही?

निळासूर
डेव्हिस तबकडीसाठीच वाजवत होता. त्याला कशातही काटछाट करावी लागली नाही. आपल्या गवयाला मात्र तास-दीड तासाचा विस्तार एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांत कोंबावा लागे. माझ्या वडिलांनी रात्ररात्र चाललेल्या मैफली ऐकल्या होत्या. घरात फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर ख्यालाची तबकडी लागली की ते उठून गॅलरीत जाऊन बसत. “हा जेवणाचा फोटो आहे,” असे ते म्हणत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

झुमरा
आपल्या वडिलांविषयी आदर राखून लिहितो की, हा त्यांचा अनुभव झाला, पुरावा नव्हे. एलपीपूर्वी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी आणि केसरबाई केरकरांनी काय करून ठेवले, ते आपण ऐकले आहे ना? १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर गोव्याच्या केसरबाईंची भैरवी आहे, आणि ती साडेतीन मिनिटांचीच आहे. मर्यादेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णयसुद्धा रचनाच आहे.

पेठेतली मैना
ख्यालाचे तुम्ही दोघे पाहून घ्या. मराठीत एका कल्पनेवर बांधलेली ध्वनिमुद्रिका झालीच नाही, या वाक्याचा मला संताप आला. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षे झाली त्या १९७४ साली ‘शिवकल्याण राजा’ आली. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचे संगीत, बाबासाहेब पुरंदऱ्यांचे निवेदन. आणि काव्य समर्थ रामदासांचे, कवी भूषणाचे, सावरकरांचे, कुसुमाग्रजांचे. वेगवेगळ्या शतकांतील कवी एकाच चरित्राभोवती बसवले आहेत आणि त्यांना निवेदनाने ओवले आहे. याला गाजलेल्या गाण्यांचा संच म्हणणाऱ्याने ती सलग ऐकलेली नाही. आणि गीतरामायणाचे काय? छप्पन्न गीतांची एक अखंड कथा! जगातल्या कोणत्या अल्बमचा आवाका एवढा आहे?

मंदसप्तक
‘शिवकल्याण राजा’ मान्य. गीतरामायण मान्य नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत येत असे. ती नभोवाणीची मालिका होती. माणिक वर्मा, मालती पांडे, राम फाटक असे निरनिराळे आवाज निरनिराळ्या पात्रांना दिले होते. पुढे तबकड्यांवर सगळी गीते एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात आली. माझी आजी अखेरपर्यंत म्हणत असे की, कौसल्येचे गाणे पुरुषाच्या आवाजात ऐकले की तिचे मन त्यात रमत नाही.

पेठेतली मैना
आपल्या आजींचे मन रमले नाही. लाखो लोकांचे रमले. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा स्वच्छ उच्चार यांमुळे घराघरांत ती तबकड्यांचीच आवृत्ती पाठ झाली, आकाशवाणीची नव्हे.

तबल्याचा कान
तुम्ही सर्वजण गायकांवर भांडत आहात, म्हणून विचारतो. ‘काइंड ऑफ ब्लू’वर ड्रम कोणी वाजवले? जिमी कॉब. बास कोणाचा? पॉल चेंबर्सचा. जगभरातील रसिकाला ही नावे पाठ आहेत. आता आपल्या घरातील जुन्या ख्यालाच्या तबकड्या काढा आणि कितींच्या कव्हरवर तबलजीचे, सारंगियाचे किंवा पेटीवाल्याचे नाव आहे ते पाहा. माझ्या मामाने एका कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत तबला वाजवला. मानधनाचे पाकीट हातात ठेवले गेले, नाव कुठेही छापले नाही. ती तबकडी आजही विकली जाते. आम्ही तिच्यावरचा ठेका ऐकून सांगतो, हा मामाचा हात.

झुमरा
आपल्या मामांवर अन्याय झाला, हे खरेच. परंतु अल्बम कशाला म्हणावे, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. कृपया धागा भरकटवू नये.

तबल्याचा कान
संबंध नाही कसा? झुमऱ्याच्या चौदा मात्रांवर सारी इमारत उभी, आपण नाव घेतले आहे ते त्याच तालाचे, आणि तो ताल धरणारा माणूस मात्र विषयाबाहेरचा? निळासूर ज्याला ‘नोंद’ म्हणतात, ती नोंदही कंपन्यांनी अर्धीच ठेवली. कोण बसले होते हेच लिहिले नाही, तर तिला अल्बमचा मान कोणत्या तोंडाने मागायचा? आधी आपण आपल्या कलावंतांचा मान राखावा, मग डेव्हिसशी बरोबरी करावी.

न्यूजर्सीकर
तबल्याचा कान यांचा सूर कडवट आहे, पण मुद्दा खरा आहे, आणि आज तो अधिक गंभीर झाला आहे. इथे मुलांना मोबाइलवर मारवा लावून देतो, तर पुढे दरबारी येईलच याची खात्री नसते. वर्षाच्या जागी मूळ साल न दाखवता नव्याने चढवल्याचे साल दाखवतात. कव्हरच्या पाठीमागचा मजकूर तर तिथे दिसतच नाही, त्यामुळे जी काही नावे छापली गेली होती तीही गेली. झुमरा सांगतात तो संध्याकाळ ते मध्यरात्र हा क्रम माझ्या मुलांना कधी कळणारच नाही.

मंदसप्तक
क्रमाचा मुद्दा न्यूजर्सीकरांनी मांडला म्हणून नाइलाजाने लिहितो: त्या कसोटीवर गीतरामायणाच्या तबकड्यांनाही नाकारणे अवघड आहे, कारण त्यांचा क्रम बदलला तर कथाच मोडते. तरीही माझी पसंती आकाशवाणीच्या आवाजांनाच राहील.

झुमरा
निळासूर, आपण उत्तर दिलेले नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची मूळ कल्पना एच. एम. व्ही. या तबकड्यांच्या कंपनीतील जी. एन. जोशी यांची. ते स्वतः मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतील गायक. म्हणजे आपल्या यादीतील तिसऱ्या क्रमांकामागेही एक मराठी कान आहे, आणि तरीही आपण लिहिता की यादीत मराठी काही नाही.

निळासूर
शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या वादनाला मराठी ठरवणे मला मान्य नाही. मारवा-दरबारीची एलपी मी चौथ्या क्रमांकावर लिहितो, कारण दोन बाजूंच्या प्रहरांचा मुद्दा मला खोडता येत नाही. बाकी ख्यालाच्या तबकड्यांविषयी माझे मत कायम आहे. ‘शिवकल्याण राजा’ सलग ऐकून मगच बोलेन.

तबल्याचा कान
चौथा क्रमांक लिहाल तेव्हा सावकाश लिहा. आधी तिसऱ्या क्रमांकापुढे राहिलेले नाव घाला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’वरचा तबला माणिकराव पोपटकरांचा आहे. आपण तिघांची नावे लिहिलीत आणि तिथेच थांबलात.