मदत हवी आहे: मुलांनी मागचा पाय उचलताच घोडी तो ओढून घेते

खानापूरजवळ दिवाळीच्या सुट्टीत आम्ही 10 ते 14 वर्षांच्या मुलांचे अश्वारोहण शिबिर घेतो आणि त्यात रपेटीइतकेच महत्त्व खरारा, खुरांची सफाई व तबेल्याच्या कामाला देतो. आमची एक शांत घोडी मोठ्या माणसांना चारही पाय देते, मात्र मुलांनी मागचा पाय उचलताच तो झटक्याने ओढून घेते. पावसाळ्यातील चिखलाने तिच्या खुराच्या तळाशी झालेली कुज बरी झाली असून पशुवैद्य आणि नालबंद या दोघांनाही आता कुठे दुखरेपणा आढळलेला नाही.

बाजूला, शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, पुढच्या पायासाठी खांद्यापासून व मागच्यासाठी पुठ्ठ्यापासून (मांडीच्या वरच्या भागापासून) हात खाली न्यावा आणि ती शांत असतानाच पाय अलगद खाली ठेवावा, असे मुलांना शिकवले आहे. पुढच्या पायांना ते लागू पडले. घोडीला स्थिर ठेवण्यासाठी तिचे पाय बांधणे किंवा ओठ पिळणे मला मुळीच मान्य नाही, कारण मुले जे पाहतात तेच शिकतात. वजन न पेलल्याने मुले पाय एकदम सोडत असावीत, अशी माझी शंका आहे.

तेव्हा आधी प्रशिक्षकाने पाय धरावा, मुलाने केवळ सफाई करावी, हा क्रम योग्य ठरेल का, आणि पाय मुलाच्या हाती देण्यास घोडी तयार झाली हे कोणत्या खुणांवरून ओळखावे?